यंदा समुद्रावर जायचं, पण कोणत्या गावाला?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीचे पेपर उरकले. आता बारक्यांच्या परीक्षा संपतील आणि घराघरात एकच भुणभुण सुरू होईल, आई, सुट्टीत कुठं जायचं? मागच्या महिन्यात मी चार गटांच्या बैठकांना गेले. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, आणि चारही ठिकाणी उठता उठता विषय निघाला तो समुद्राचा. साहजिक आहे. आपण माण-खटावच्या, कराड-पाटणच्या बाया. निम्म्या जणींच्या दारात मे महिन्यात टँकर येतो. डोळ्यांत मावणार नाही एवढं पाणी एकदा तरी बघावं, पोरांना दाखवावं, असं वाटणारच. कित्येक जणींनी त्यासाठी वर्षभर वेगळी पिशवी ठेवलीय. म्हणून आज तेवढंच बोलते. जायचं तर कोणत्या गावाला जायचं, आणि ते कसं ठरवायचं.

बहुतेक घरांत हे ठरतं कसं, ते तुम्हाला माहीत आहे. मालकांच्या नाहीतर थोरल्या लेकाच्या मोबाईलवर कुणीतरी फोटो पाठवतं. पांढरी वाळू, निळं पाणी, नारळाची झाडं. हे बघ, इथं जायचं, ठरलं. फोटो खोटा नसतो. पण फोटोत पाण्याची ओढ दिसत नाही, संडास कुठं आहे ते दिसत नाही, आणि तीन दिवस स्वयंपाक कोण करणार तेही दिसत नाही. या तीन गोष्टी ज्याला विचाराव्याशा वाटतात, त्यानं गाव निवडावं. म्हणजे आपण.

माझं साधं म्हणणं आहे. गाव निवडताना घरातलं सगळ्यात लहान माणूस आणि सगळ्यात थोर माणूस डोळ्यांसमोर आणा. पाच वर्षांचं पोरगं आणि गुडघे धरलेल्या सासूबाई या दोघांना जे गाव झेपतं, ते बाकीच्यांना आपोआप झेपतं. उलटं होत नाही. वीस वर्षांच्या पोराला आवडलेल्या गावात सासूबाई तीन दिवस खोलीतच बसून राहतात, आणि त्यांच्यासोबत कोण बसतं ते सांगायला नको.

आता समुद्राबद्दल. इथं जरा थांबणार आहे, कारण हे जिवाशी आहे.

आपल्याकडची पोरं पोहतात. विहिरीत उड्या मारतात, कॅनॉलला जातात, कृष्णा-कोयनेच्या काठची तर माशासारखी पोहतात. आपल्याला वाटतं, आपल्या पोराला काय भीती. मैत्रिणींनो, विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी जागेवर नसतं. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या ८ जणांचा जीव गेला. कॉलेजची मंडळी होती ती, धडधाकट.

घात करते ती लाट नव्हे, परत जाणारं पाणी. किनाऱ्यावर उभं राहून नीट बघा. लाटा सगळीकडं फुटत असतात आणि मधेच एक पट्टा गप्प दिसतो. तिथं फेस नाही, लाट नाही. आपण म्हणतो, इथं शांत आहे, पोराला इथं उतरवू. नेमकं तिथंच उतरायचं नाही. लाटांनी काठावर आणून टाकलेलं पाणी त्याच पट्ट्यातून जोरात मागं जात असतं. त्यात सापडलेला माणूस घाबरून सरळ काठाकडं यायला बघतो, दमतो आणि बुडतो. पोरांना घरूनच सांगून ठेवा. ओढ लागली तर काठाच्या दिशेनं झुंजायचं नाही, अंग हलकं सोडायचं, हात वर करायचा आणि काठाला धरून आडवं सरकायचं. आणि काठावरच्यानं मागं उडी टाकायची नाही. दोर टाका, रिकामा बंद कॅन टाका, ओढण्या बांधून टाका, कोळी बांधवांना हाक मारा. एकाला काढायला गेलेले दोघे जातात, असंच पुष्कळदा होतं.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ही आपल्या कामाची आहे, कारण आपल्या घरात कॅलेंडर आहे आणि आपल्याला तिथी कळते. दिवसात दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी, आणि रोज ही वेळ साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. कोकणातली जुनी माणसं त्याचा सोपा हिशेब करतात. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पुरी. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. दिवसाही तीच वेळ, रात्रीही साधारण तीच. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पुरी होते. हा हिशेब अंदाजाचा आहे, गावागावात थोडं मागंपुढं होतं, म्हणून गेल्यावर तिथल्या माणसाला विचारून घ्यायचंच. पण निघायच्या आधी घरबसल्या एवढं कळलं तरी खूप झालं.

त्याचा उपयोग काय? समजा तुम्ही चतुर्थीला गेलात. भरती तीनला पुरी झाली. ऊन उतरल्यावर पाच वाजता तुम्ही पाण्यावर जाणार, तेव्हा पाणी ओसरत असणार, आत ओढत असणार. त्या संध्याकाळी पोरांना घोट्याएवढ्या पाण्यापलीकडं सोडू नका. एकादशीला गेलात तर पाच वाजता पाणी चढत असतं. ते काठाकडं ढकलतं, लहानग्यांना पाय भिजवायला त्यातल्या त्यात बरं. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असतं. भरती मोठी, ओहोटीही मोठी. त्या दिवशी संध्याकाळी सहाला समुद्र लांब गेलेला असतो, मैदानासारखी वाळू मोकळी पडते. चालायला, शिंपले वेचायला त्यासारखी वेळ नाही. आत जायला मात्र उधाणाचे दिवस वाईट. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. लहान मुलं असतील तर अष्टमी-नवमीच्या आगंमागं दिवस धरा.

आता गावांकडं येते. आपल्या राज्याला पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत ७०० किलोमीटरच्या वर किनारा आहे, सगळी गावं सांगत बसले तर कार्यक्रम संपेल. आपल्या बाजूनं जायला जी सोयीची आहेत तीच घेते, आणि माझं मत काय तेही सांगते.

आपल्या भागाला सगळ्यात सरळ पडतं ते गुहागर. विजापूर-गुहागर रस्ता आपल्या दारावरून जातो. जत, विटा, कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण आणि पुढं गुहागर. कराडातून धरलं तर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. गाव लांबट आहे. एकच मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंनी घरं, घरांच्या मागं नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पश्चिमेच्या वाड्या संपल्या की सुरूचं बन आणि समुद्र. म्हणजे म्हाताऱ्या माणसालाही काठी टेकत पाण्यापर्यंत जाता येतं आणि सावलीत बसता येतं. किनारा पाच-सहा किलोमीटरचा, सपाट, गर्दी झाली तरी पांगते. गावात व्याडेश्वराचं देऊळ आहे, दुर्गादेवीचं आहे. एक दिवस गाडी केली तर हेदवीचा दशभुजा गणपती, तिथली बामणघळ आणि वेळणेश्वर होतं. बामणघळ म्हणजे खडकातली चीर. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि कारंज्यासारखं उडतं. ते लांबूनच बघायचं, खडक निसरडे असतात. गुहागरला पोरांसाठी खेळतमाशे फार नाहीत, बाजारही लवकर मिटतो. कुणाला हे कमी वाटेल. मला विचाराल तर पहिल्यांदा समुद्र बघायला निघालेल्या घरानं इथंच जावं. मात्र पाणी संथ दिसलं तरी गुडघ्यापर्यंतच, हा नियम इथंही आहे.

दुसरं दापोलीकडचं, म्हणजे मुरूड, कर्दे, आंजर्ले, हर्णै. मुरूड-कर्द्याची वाळू घट्ट आहे, पाण्याचा उतार हलका आहे. घोडे, उंट, होड्या, भेळीच्या गाड्या सगळं आहे, पोरं खूश होतात. तेवढाच गोंगाटही असतो. हर्णै बंदरावर माशांचा लिलाव होतो. होड्या लागल्या की वाळूवरच मासळीचे ढीग पडतात, बोली चालते. ती घेणाऱ्या-विकणाऱ्या कोळणींचा तोंडचा हिशेब आपल्या गटाच्या सचिवांनी जरूर ऐकून यावा. आणि हे मुरूड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढणारे ते. मुलींना घेऊन जाल तेव्हा एवढं सांगा.

इथं एक सावधगिरी. मुरूड नावाची गावं दोन आहेत. एक हे दापोलीचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. दुसरं रायगड जिल्ह्यातलं, जंजिरा किल्ल्याजवळचं. फोनवर खोली ठरवताना आणि गाडीवाल्याला सांगताना जिल्हा सांगा. हसू नका, एका मुरूडला खोली आणि दुसऱ्या मुरूडला गाडी, असं झालं तर अख्खा दिवस रस्त्यावर जातो.

गणपतीपुळ्याला आपल्यातल्या बऱ्याच जणी जाऊन आल्यात. देऊळ समुद्राच्या काठाला, प्रदक्षिणेला अख्खी टेकडी, मन भरून येतं. पण तिथला समुद्र पोहायचा नाही. वाळू पायाखालून एकदम उतरते आणि ओढ जबर आहे. काठावर पाट्या लावल्यात, तरी दरवर्षी कुणी ना कुणी जातंच. पुळ्याला दर्शनाला जा, प्रसाद घ्या, समुद्राला काठावरून हात जोडा. शेजारी मालगुंडला कवी केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे, ते मुलांना दाखवा. हरिहरेश्वरचंही तसंच. तिथं डोंगराला वळसा घालून खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे, आणि भरतीला लाटा त्या वाटेवर येतात. पुजाऱ्यांना नाहीतर गावातल्यांना विचारल्याशिवाय त्या पायऱ्या उतरू नका. रायगडातलं काशीद फोटोत सगळ्यात देखणं, पण लहान पोरं घेऊन मी तिथं जाणार नाही.

मालवण-तारकर्लीचं पाणी फार सुंदर. सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचा पाया घातला. होडीतून जावं लागतं, आत महाराजांचं मंदिर आहे आणि समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी नावं आहेत त्यांची. टँकरच्या गावातून आलेल्या बाईनं त्या विहिरींत वाकून बघितलं की ती बराच वेळ हलत नाही. मुलं आठवी-नववीच्या पुढची असतील, हातात चार पैसे जास्त असतील आणि प्रवास झेपणारा असेल, तर मालवण. पण आपल्याला ते लांब पडतं, आणि मे महिन्यात राहण्या-जेवण्याचे दर चढलेले असतात. कोल्हापूरकडच्या मैत्रिणी ऐकत असतील तर त्यांना आंबोलीवरून वेंगुर्ले, शिरोडाही बरं. तिकडं गर्दी कमी. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता.

अलिबाग, नागाव त्यांनाच सोयीचं ज्यांचं कुणी मुंबई-पनवेलला आहे. दिवेआगर-श्रीवर्धन शांत आहे, ताम्हिणी घाटातून जातात, पण ते पुण्याकडून जवळ. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानं तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा पुष्कळ घरांना पाहुण्यांच्या खोल्यांचाच आधार उरला. गोव्याचं एकच सांगते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंतच असतं. आणि गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक मांडायला कायद्यानं बंदी आहे, दंड होतो.

या स्वयंपाकावरूनच पुढचं बोलायचं आहे.

आपल्याकडं सहल निघते ती कशी? एक क्रूझर, नाहीतर मोठा टेम्पो. दोन-तीन भाऊभाऊ, त्यांच्या बायका, पोरं, म्हातारी माणसं. आणि गाडीच्या टपावर गॅसची शेगडी, सिलिंडर, पातेली, तांदूळ, पिठाचा डबा. का? तर बाहेरचं जेवण महाग पडतं. माझ्या शेजारची एक सून अशीच कोकणात जाऊन आली. मी विचारलं, कसा होता गं समुद्र? ती म्हणाली, ताई, चार दिवसांत दोनदा बघितला, कणीक मात्र आठ वेळा मळली. चौदा माणसांचं जेवण, तेही परक्या गावात, पाणी लांबून आणायचं, खरकटं कुठं टाकायचं कळत नाही, वाळू भाकरीत जाते. घरी निदान चूल ओळखीची असते.

म्हणून माझं म्हणणं, चार दिवस जाण्याऐवजी दोन दिवस जा, पण शेगडी घरी ठेवा. पैशाचा हिशेब मांडूनच घरात बोला, नुसतं दमले म्हणून कुणी ऐकत नाही. दोन रात्रींचं खोलीभाडं वाचलं, त्यात दोन दिवसांचं खानावळीचं जेवण बसतं की नाही, ते फोनवर दर विचारून कागदावर लिहा. बऱ्याच वेळा बसतं. येताना-जाताना लागेल तेवढी शिदोरी आपली न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. घाट उतरेपर्यंत तीच बरी.

कोकणात घरगुती राहण्या-जेवणाची सोय असते. घरातली बाईच खोल्या बघते, तीच रांधते. अशा ठिकाणी राहिलेलं मला लॉजपेक्षा बरं वाटतं. एक तर जेवण घरचं. आमटी-भात, सोलकढी, मासळी खाणाऱ्याला मासळी. दुसरं, रात्री-अपरात्री पोराला ताप आला तर दार वाजवायला बाई असते. तिसरं, समुद्र कुठं बरा, कुठं वाईट, हे तिला विचारता येतं आणि ती खरं सांगते. पण तिच्याही घरी मे महिना असतो, चाकरमानी आलेले असतात, विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं. चौदा जणांची ताटं काढून ती आपल्याला बसवते, तेव्हा ताटामागं पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. निघताना तिच्याकडून कोकम, आंबापोळी, फणसपोळी घ्या. कित्येक ठिकाणी हा माल तिथल्या बचत गटांचा असतो. जमलं तर आपल्या शेंगा, आपली ज्वारी थोडी घेऊन जा. कोकणात ज्वारीच्या पिठाचं अप्रूप असतं.

फोनवर काय विचारायचं? लाजायचं नाही, पैसे आपण देणार आहोत. संडास खोलीला जोडून आहे की अंगणात? पाणी चोवीस तास आहे का? हा प्रश्न मे महिन्यात कोकणातही विचारावा लागतो. जिना चढायचा आहे का? समुद्र चालत किती मिनिटांवर? किती लांब असं विचारू नका, किती मिनिटं असंच विचारा, तेही लहान पोराला घेऊन. एका गावात लॉजवाल्यानं आम्हाला फोनवर सांगितलं होतं, समुद्र अगदी समोर. होता की समोर, मधे एक चढ आणि दोन किलोमीटर होते. शिवाय किनाऱ्यावर बायकांना कपडे बदलायला बंद जागा आहे का, तिला आतून कडी लागते का, हे विचारा. ज्या किनाऱ्यावर अशी जागा नाही, तिथं राहायची जागा चालत पाच मिनिटांत हवी. पाळी त्याच दिवसांत येणार असेल तर हा प्रश्न सगळ्यात पहिला. मुलीबाळी बोलत नाहीत, आपणच विचारायचं. आणि वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून पिशवीत, वाळूत पुरायचं नाही.

पाण्यात जाताना साडी नको. नऊवारी असो की सहावारी, ओली झाली की पायांना गुंडाळते आणि लाटेत तोल जातो. पंजाबी ड्रेस घाला, ओढणी काढून ठेवा. सासूबाईंना साडीच हवी असेल तर त्यांनी काठावर खुर्ची टाकून बसावं, लाट पायापर्यंत येतेच. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं खोलीवर काढून ठेवा. समुद्रानं ओढून नेलेला दागिना परत मिळत नाही. मोठ्या माणसांपैकी एकानं पाण्यात न उतरता फक्त मुलं मोजत बसायचं, आणि हे काम आळीपाळीनं करायचं. पुरुषांनीही. मोबाईल बघत मोजता येत नाही. दारू प्यालेल्या माणसाला पाण्यात जाऊ द्यायचं नाही, तो आपल्या घरातला असला तरी.

आता प्रवास. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धं. ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनाही अर्धं, ७५ च्या पुढं सगळ्यांना फुकट. वयाचा पुरावा म्हणून आधारकार्ड जवळ ठेवा. हिशेब करून बघा. तुम्ही, मालक, सासूबाई, दहा वर्षांची लेक आणि चौदा वर्षांचा लेक, असे पाच जण निघालात तर तुमची तिकिटं होतात साडेतीन. खासगी गाडीपेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं. गाडीची सोय म्हणून जी गंमत असते ती मात्र नसते, सामान उचलावं लागतं, चिपळूणला गाडी बदलावी लागू शकते. म्हणून सामान कमी. शेगडी घरी राहिली की तेही आपोआप कमी होतं.

घाटाचं विसरू नका. कुंभार्ली काय, आंबा काय, वळणं पोटात जातात. ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या बाकावर, खिडकीशी बसवा. निघताना दुधाचा चहा नको, भरपेट जेवण नको, आवळासुपारी नाहीतर लिंबाची फोड हाताशी ठेवा. कोयनानगरला उतरून तोंड धुवा, पाय मोकळे करा. पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत घाट उतरतो. कोकणात आपल्यासारखं कोरडं ऊन नसतं, घामानं अंग चिकट होतं, पाणी जास्त प्यावं लागतं. समुद्रावर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात पडवीत पडून राहायचं. तुम्हीसुद्धा.

दिवस कोणते धरायचे? एप्रिलचा शेवट किंवा मेचा दुसरा-तिसरा आठवडा, तेही सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी दर वेगळे आणि गर्दी वेगळी. १ मे जोडून सुट्ट्या आल्या तर ते दिवस टाळाच. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळायला लागतो. सिंधुदुर्गात त्याच सुमाराला किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते पावसाळा सरेपर्यंत. वळवाचा पाऊस, वारा, विजा सुरू झाल्या की काठावरून उठायचं. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्याकडं जायचंच नाही, मग कुणी कितीही जण आत दिसोत.

आणि परतीचं आरक्षण आजच करा. जायला जागा मिळते. यायला, मे महिन्यात, चिपळूण स्टँडवर चाकरमान्यांची झुंबड असते, आणि झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन घाटभर उभं राहणं कुणाच्या वाट्याला येतं ते आपल्याला ठाऊक आहे. गटातल्या तीन-चार घरांनी मिळून एकदम आरक्षण केलं तर जागाही शेजारी शेजारी मिळतील. पुढच्या बैठकीला कॅलेंडर सोबत न्या, तिथी बघा, आणि तारीख तिथंच ठरवून वहीत लिहा.